वाटेकडेचा दगड आणि गाणाऱ्याचे ऋण

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या नावाने रस्त्याकडेला दगड रोवला किंवा फलक लावला, की धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. वीरगळ उभा असतो त्या परिसरात कुणीतरी लढून पडलेले असते. समाधीखाली देह असतो, देवळात मूर्ती असते. गाण्याचे तसे काही मागे उरत नाही. सूर उमटतो आणि विरतो. मग तो दगड कशाचा म्हणायचा: जागेचा, माणसाचा, की विरलेल्या सुराचा? वाटसरू थांबून हात जोडतो, तेव्हा तो नमस्कार नेमका कुणाला पोचतो?

अशा खुणांची एक मोठी साखळी आज अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात आहे. शेतमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून तिथे ब्लूज हा गानप्रकार वाढला आणि पुढे त्यातूनच रॉक संगीत निघाले. २००६ मध्ये होली रिज या खेड्यात चार्ली पॅटन या आद्य ब्लूज गायकाच्या नावाने पहिला निळा फलक लागला. आता त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. कापसाची शेते, बंद पडलेली रेल्वे स्थानके, लहान चर्चची आवारे, पडकी दुकाने अशा ठिकाणी ते उभे आहेत आणि जगभरातून माणसे ते पाहायला जातात. रॉबर्ट जॉन्सनचे उदाहरण तर धर्माच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित करून हा गायक १६ ऑगस्ट १९३८ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याला नेमके कुठे पुरले याची त्या काळी कुणी नीट नोंद ठेवली नाही. आज ग्रीनवुड गावाच्या आसपास तीन वेगवेगळ्या चर्चच्या आवारांत त्याच्या नावाचे दगड आहेत. भाविक तिन्ही ठिकाणी जातात, आणि तिन्ही ठिकाणी नाणी, बाटल्या, गिटार छेडायच्या पट्ट्या ठेवून येतात. देह एकच होता, तो कुठेतरी एकाच जागी असणार, हे त्यांनाही कळते. तरी त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही, कारण ते देहासाठी आलेलेच नसतात.

याच जॉन्सनविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. मध्यरात्री तो चव्हाट्यावर गेला, तिथे एक काळा, उंच पुरुष भेटला, त्याने गिटार हातात घेऊन सुरात लावून परत दिली आणि त्या मोबदल्यात त्याचा आत्मा मागून घेतला. मुळात ही कथा टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची, त्याच्या भावाने सांगितलेली. ती पुढे रॉबर्टला चिकटली. चव्हाट्यावरचा तो पुरुष सैतान होता असे सांगतात, पण त्याचा मूळ चेहरा आफ्रिकेतला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन लोकांचा लेग्बा आणि योरुबांचा एशू हे वाटांचे आणि चव्हाट्यांचे देव. माणूस आणि इतर देव यांच्यामधला दरवाजा ते उघडतात, म्हणून त्यांचे स्मरण आधी करायचे. गुलाम म्हणून जहाजांतून नेलेल्या माणसांबरोबर हा देव समुद्रापार गेला आणि चर्चच्या शिकवणीत त्याचा सैतान झाला.

गोव्याच्या वाचकाला हा प्रवास अनोळखी वाटू नये. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत गावाच्या शिंवेवर, जुन्या वडा-पिंपळाखाली, पाणंदीच्या वळणावर देवचाराची जागा असते. खांद्यावर घोंगडी आणि हातात दांडा घेऊन रात्री गावाची राखण करत फिरणारा हा राखणदार. वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो, अशी लोकांची भावना आहे. त्याला वर्षाचा रोट चुकत नाही. मिशनऱ्यांच्या शिकवणीत हाच देवचार सैतान ठरला. लेग्बाचे जे झाले तेच देवचाराचेही झाले. वाटेवरच्या दैवताला राखणदार म्हणायचे की सैतान, हे सांगणारा कोण आहे आणि सत्ता कुणाच्या हातात आहे, यावर ठरत आले आहे.

पेडण्याच्या बाजूने याहून जवळचे उदाहरण आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे. त्यांचे घराणे मूळचे पेडणे तालुक्यातल्या पालये गावचे. ते स्वतः १७१४ मध्ये पलीकडच्या बांद्याला जन्मले आणि तिथे कुलकर्णीपद सांभाळत. कथा अशी सांगतात, की सावंतवाडीच्या दरबाराचे बोलावणे आले म्हणून ते निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात विसाव्याला बसले आणि बरोबरचा फणस फोडला. तेवढ्यात एक अनोळखी सिद्ध पुढे उभा राहिला आणि त्याने त्यातला वाटा मागितला. सोहिरोबांनी गरे पुढे केले. ते नाथपंथातले गहिनीनाथ होते. त्यांच्या कृपेने सोहिरोबांना बोध झाला आणि पदांचा, अभंगांचा झरा फुटला. पुढे त्यांनी चाकरी सोडली आणि उत्तरेत उज्जैनपर्यंत भ्रमण केले. त्यांची पदे गोव्याच्या भजनी मेळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. विसाव्या शतकात पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या आवाजात ती महाराष्ट्रभर पोचली. आज पेडणे तालुक्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

दोन्ही कथांची बांधणी सारखी आहे. वाट, एकटा माणूस, अनोळखी भेट, आणि त्या भेटीनंतर आलेली अलौकिक वाटावी अशी कला. फरक आहे तो देवाणघेवाणीत. मिसिसिपीत आलेला पुरुष आत्मा मागतो, इन्सुलीत आलेला सिद्ध फणसाचे गरे मागतो. एका परंपरेत देणगीची किंमत म्हणून माणूस स्वतःला गमावतो. दुसरीत जवळचे अन्न वाटून खाणे एवढीच अट आहे. नाथपंथीयांनी ही अट किती विचारपूर्वक राखली असेल, हे पाहून आदर वाटतो. मात्र दोन्ही कथा एक गोष्ट झाकतात, आणि ती महत्त्वाची आहे: शिकण्याचे कष्ट. रॉबर्ट जॉन्सन थोड्या काळात एवढा तयार कसा झाला, याचे खरे उत्तर संशोधकांनी शोधले आहे. आइक झिमरमन नावाच्या एका गिटारवादकाने त्याला शिकवले होते. सैतानाचे नाव जगाला ठाऊक झाले, गुरूचे झाले नाही. ज्या स्मारकावर आख्यायिका कोरलेली असते आणि गुरू नसतो, ते स्मारक अर्धेच बोलते.

आता दगड आणि सूर यांच्या मूळ प्रश्नाकडे वळता येते. भारतीय दर्शनांनी शब्द आणि ध्वनी यांविषयी शतकानुशतके वाद घातला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते ध्वनी हा आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो, आपल्यासारखाच पुढचा ध्वनी उत्पन्न करतो आणि नष्ट होतो. पाण्यातली एक लाट दुसरीला जन्म देत काठापर्यंत येते तसा कानापर्यंत जो येतो तो मूळ ध्वनी नसतोच, त्याचा वंशज असतो. मीमांसकांनी याला विरोध केला. शब्द नित्य आहे, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो, असे ते म्हणाले. त्यांचा रोख वेदातल्या वर्णांवर होता, गाण्यावर नव्हता. तरी संगीतशास्त्राने दोन्ही बाजूंचे ऐकून आपली मांडणी केली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत. अनाहत नाद योग्यांचा. तो मुक्ती देतो, पण रंजन करत नाही. आघाताने उमटणारा आहत नाद लोकांचे रंजन करतो आणि भवबंधनही तोडतो, असे सांगून शारंगदेवाने गायकाला योग्याच्या शेजारी जागा दिली.

या मतांपैकी कोणते धरावे, यावर दगडाचा अर्थ बदलतो. मीमांसकांचे धरले तर गवयाने काहीच निर्माण केले नाही. जे होते ते त्याने प्रकट केले, आणि पुन्हा प्रकट करणारा कुणीही येऊ शकतो. मग दगडाला फारसे कारण उरत नाही. न्यायमत धरले तर सूर खरोखरच गेला, पण जाताना तो दुसऱ्याला जन्म देऊन गेला. ही बाजू गाण्याच्या व्यवहाराला अधिक जवळची वाटते. गुरूचा सूर शिष्याच्या कानात पडतो तेव्हाच तो संपलेला असतो, आणि शिष्य जे गातो तो त्याच सुराचा पुढचा जन्म असतो. या मतात प्रत्येक गाणारा आधीच्या एका गाणाऱ्याचे देणे लागतो. कोणताही सूर स्वयंभू नसतो.

गोव्याच्या गावांनी या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ते म्हणजे मांड. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत बहुतेक गावांत मांडाची ठरलेली जागा असते. ती देवळासमोर किंवा गावकरांच्या एखाद्या घरापुढे असते. एरवी पाहिले तर ती साधी मोकळी भुई. शिगमा जवळ आला की ती शेणाने सारवतात, मधोमध दिवा लावतात, नारळ आणि विडा ठेवतात, गाऱ्हाणे घालतात. पायातली वहाण बाहेर काढूनच आत यायचे. मग घुमटावर थाप पडते, शामेळ आणि कांसाळे साथ धरतात, आणि आधी नमन होते. नमनात ग्रामदेवतेला, राखणदाराला, दिशांना, पूर्वजांना हाक असते. त्याच्याशिवाय कोणतेही गाणे सुरू होत नाही. ज्या घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला, ते मातीचे वाद्य या मांडावरच वाढले. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव कायद्यानंतर आता बकऱ्याचे वापरतात.

मांडावर कुणाचेही नाव कोरलेले नसते. तिथे कोण मोठा वाजवणारा होऊन गेला हे म्हाताऱ्यांना ठाऊक असते, पण त्याचा दगड नसतो. मांडाची जागा पवित्र राहते ती दर वर्षी तिथे पुन्हा वाजवल्याने. वाजवणे थांबले की मांड मोडतो, आणि मांड मोडणे हे गावाला अशुभ वाटते. मिसिसिपीच्या फलकाला ही अट नाही. तिथले कितीतरी फलक अशा जागी आहेत, जिथे आता कुणी गात नाही. फलक स्मृती टिकवतो, मांड क्रिया टिकवतो. दोन्हींची गरज आहे. पण दोहोंतून एकच निवडायचे झाले तर मांडाच्या बाजूने कौल द्यावा लागेल, कारण सुराला जिवंत ठेवण्याचे काम फक्त सूरच करू शकतो.

मांडाच्या व्यवस्थेचा एक तोटाही आहे, आणि तो झाकून चालणार नाही. जिचे गाणे गावाच्या मांडाबाहेर गेले तिला मांड सामावून घेत नाही. पेडणे तालुक्यातल्या मालपे गावात १८८३ मध्ये जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर या अशा गायिका. घरात आजी गुजाबाई आणि आई नबूबाई यांचे गाणे होते. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे लहान वयात त्यांची तालीम सुरू झाली. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या मुरादाबादहून मुंबईला आलेल्या तीन भावांचे हे घराणे. मोकळा आकार, लांब दमसास आणि मेरुखंडाच्या पद्धतीने स्वरांची मांडणी ही त्याची ओळख. नझीर खाँ वारल्यानंतर अंजनीबाईंनी चाळिशीच्या उंबरठ्यावर मैफली थांबवल्या आणि उरलेले आयुष्य विद्यादानात घालवले. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर शिकल्या. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचे रत्न सदस्यत्व मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ मध्ये त्या निवर्तल्या.

अंजनीबाई, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या साऱ्या गायिका देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातून आल्या. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पाडली गेली तसा विध्वंस या नव्या काबिजादीत झाला नाही. दिवाडी बेटावरून हलवलेल्या सप्तकोटेश्वराला डिचोलीतल्या नार्व्यात आसरा मिळाला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळे राहिली म्हणून उत्सव राहिले, चौघडा आणि कीर्तन राहिले, पालखीपुढचे गाणे राहिले. त्या गाण्याची किंमत मात्र बायकांनी मोजली. देवापुढे गायचा त्यांना अधिकार होता, लग्न करून संसार थाटायचा नव्हता. राजाराम पैंगीणकर यांच्या ‘मी कोण?’ या आत्मकथनात त्या व्यवस्थेचा ताप मराठीत उघड मांडला गेला. ज्या समाजाने देवाची सेवा म्हणून हे गाणे घडवले, त्यानेच ते गाणाऱ्यांना कमी लेखले, हा गोव्याच्या धार्मिक इतिहासातला मोठा अन्याय आहे.

पवित्र आणि ऐहिक यांच्या मधल्या रेषेवरचे हे दुःख फक्त गोव्याचे नाही. रॉक संगीताची आद्य गिटारवादक म्हणून जिचा उल्लेख होतो ती सिस्टर रोझेटा थार्प आर्कान्सात जन्मली आणि चर्चच्या भजनांत वाढली. १९३८ पासून तिने तीच भजने नाइटक्लबच्या मंचावर विजेच्या दिव्यांखाली गायली, आणि चर्चमधली पुष्कळ माणसे तिच्यापासून दुरावली. १९७३ मध्ये ती वारली तेव्हा फिलाडेल्फियातल्या तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. चाहत्यांनी २००८ मध्ये कार्यक्रम करून पैसे जमवले आणि दगड बसवला. २०११ मध्ये तिच्या घरासमोर पेनसिल्व्हेनिया राज्याने फलक लावला. देव्हाऱ्यातले गाणे बाजारात नेले, हा आरोप तिच्यावर झाला आणि कलावंतिणींवरही झाला. शारंगदेवाच्या दृष्टीने पाहिले तर हा आरोप टिकत नाही. रंजन करणारा नादच भवबंधन तोडतो असे ज्याने लिहिले, त्याच्या लेखी देऊळ आणि मैफल यांच्यामध्ये भिंत नाही.

जागा हरवली किंवा फार मागे राहिली तरी नाव कसे राहते याचीही दोन उदाहरणे गोव्यातच आहेत. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी ओसरते तेव्हा घरांचे चौथरे उघडे पडतात आणि जुने रहिवासी तिथल्या सोमेश्वराच्या उत्सवाला येतात. केसरबाईंचा भैरवीतला आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेला. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सनचे १९२७ मधले शब्दांविना गुणगुणणे आहे आणि चक बेरीचे रॉक गाणेही आहे. दुसरे यान सुटल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. केरी हे फोंडा तालुक्यातले गाव आता एका आडनावाच्या रूपाने ताऱ्यांमधल्या पोकळीत आहे.

नमस्कार कुणाला पोचतो, याचे उत्तर ऋणाच्या कल्पनेत सापडते. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने फिटते. ऋषिऋण फेडायचा मार्ग मूर्ती उभारणे किंवा दगड रोवणे हा नाही. जे मिळाले ते शिकायचे, एवढाच मार्ग तिथे सांगितला आहे; शिकलेले पुढे देणे हा त्याचाच विस्तार. संहितेने हे ब्राह्मणाविषयी सांगितले. गोव्यात संगीताच्या बाबतीत ते अक्षरशः पाळले ते ज्यांना वेदाध्ययनाचा अधिकार नव्हता अशा बायकांनी. अंजनीबाईंनी मुरादाबादच्या मुसलमान उस्तादाकडून घेतलेली विद्या कुर्डीच्या मोगूबाईंच्या मुलीला, किशोरीताईंना, दिली. किशोरीताईंच्या गाण्यातल्या मींडेत त्या देण्याची खूण ऐकू येते. धर्म, जात, गाव यांच्या सीमा ओलांडून झालेले असे ऋणशोधन एखाद्या यज्ञाहून कमी पवित्र मानण्याचे कारण नाही.

म्हणून गाणाऱ्याच्या स्मारकाला केलेला नमस्कार एका माणसापाशी थांबत नाही. तो त्याच्या गुरूपर्यंत मागे जातो आणि शिष्यांपर्यंत पुढे. फलक हे दाखवत असेल तर तो धर्मकार्य करतो. नुसते नाव, जन्म-मृत्यूची सने आणि उद्‌घाटकाचे नाव कोरलेले असेल, तर तो रस्त्यावरच्या इतर पाट्यांसारखीच एक पाटी ठरतो. पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला गोवा मुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. रक्त सांडलेल्यांचा मान ठेवण्याची रीत या तालुक्याला चांगली ठाऊक आहे. घाम गाळून विद्या देणाऱ्यांच्या मानाचीही रीत तितकीच पक्की व्हायला हवी. पालये, मालपे, पार्से, डिचोली, मये अशा कोणत्याही गावाने आपल्या गाणाऱ्याची खूण रस्त्याकडेला उभारताना त्या नावाखाली गुरूचे नाव कोरावे, आईचे आणि आजीचे कोरावे, शिष्यांची नावे कोरावीत, आणि वर्षातून एकदा त्या फलकापुढे भुई सारवून, दिवा लावून, गावातल्या शिकत्या मुलांकडून गाणे करवून घ्यावे.